विंडोज सात, पण कोणतं सात?

बैठकीहून नुकत्याच घरी आलेल्या, भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, गोठ्यात खुंटीला रेडिओ अडकवून धार काढणाऱ्या सगळ्याजणींना आमच्या ग्रामसंघाचा नमस्कार.

आज आम्ही कम्प्युटरविषयी बोलणार आहोत. लगेच आवाज बारीक करू नका. कम्प्युटर शिकवायला आम्ही बसलेलो नाही, आम्हालाच तो पुरता येत नाही. आज फक्त एक गोष्ट सांगायची आहे. आपल्या ऑफिसातल्या जुन्या कम्प्युटरमध्ये कोणतं विंडोज आहे आणि त्यावर कुठपर्यंतचं अपडेट बसलेलं आहे, हे आपलं आपण कसं बघायचं. काम एका मिनिटाचं आहे. ते आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून आमचे पंधराशे रुपये जाणार होते. पैशाचं एक वेळ सोडा, चौदा गटांचा दोन वर्षांचा हिशोब त्याच्याबरोबर जाणार होता.

आमच्या ग्रामसंघाने तालुक्याच्या गावातून एक जुना कम्प्युटर घेतला होता, नऊ हजार रुपयांना. दुकानदार म्हणाला, "विंडोज सेव्हन आहे ताई, एकदम ओके." आम्ही मान हलवली. सेव्हन म्हणजे काय, हे विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. कम्प्युटर आला, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल पडला, दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. आमच्या लेखापाल ताई त्याच्यावर बचत, कर्ज, परतफेड, दंड सगळं भरायला लागल्या. वह्या कपाटात गेल्या. खरं तर चूक तिथेच झाली होती, पण ते पुढे सांगते.

२०१८ च्या पावसाळ्यात ऑडिटचं काम निघालं. हिशोब एका नव्या प्रोग्राममध्ये भरून द्या, असं आम्हाला सांगण्यात आलं आणि पेनड्राइव्ह हातात पडला. ताईंनी तो लावला, बटण दाबलं, तर पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या आणि सगळं बंद. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी रिक्षात घालून तो डबा तालुक्याला नेला. दुकानातल्या भाऊंनी वर वर बघितलं आणि म्हणाले, "विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅट मारावा लागेल. पंधराशे होतील."

"आणि आतला हिशोब?"

"कॉपी काढून ठेवली असेल ना तुम्ही?"

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघितलं. फॉरमॅट मारणं म्हणजे पाटी पुसणं, एवढं आम्हाला कळत होतं. कॉपी कुणीच काढलेली नव्हती. तो डबा आम्ही तसाच उचलला आणि परत आणला. त्या दिवशी रिक्षात कुणी कुणाशी बोललं नाही.

संध्याकाळी अध्यक्षांची सून आली. तिने लग्नाआधी एमएस-सीआयटी केलेलं. तिने पुन्हा तोच प्रोग्राम चालवून बघितला, त्या चार ओळींचा मोबाइलवर फोटो काढला आणि अक्षर अक्षर लावून वाचलं. त्यात दोन शब्द होते, सर्व्हिस पॅक, आणि पुढे एकचा आकडा. "बिघडलंबिघडलं काही नाही हो," ती म्हणाली. "हा प्रोग्राम म्हणतोय की मला विंडोज सात चालेल, पण सर्व्हिस पॅक वन बसवलेलं सात पाहिजे."

म्हणजे सातातसुद्धा सात निघाले.

हे नीट समजून घेऊ या. विंडोज ही मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीची वस्तू. ती एकदा विकून कंपनी मोकळी होत नाही. विकल्यावर तिच्यात चुका सापडतात, चोराला आत शिरायला फटी सापडतात. त्या बुजवायला कंपनी वरचेवर लहान लहान अपडेट पाठवते. मग पूर्वी असं करत, की वर्ष-दोन वर्षांची अशी सगळी अपडेट एकत्र बांधून एक मोठं गाठोडं द्यायचं. त्या गाठोड्याचं नाव सर्व्हिस पॅक. आपल्या बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासारखं समजा. बाळाचं नाव काय ते महत्त्वाचंच, पण नर्सताई नाव ऐकून थांबत नाहीत, त्या विचारतात, कोणता डोस झाला? कार्ड दाखवा. विंडोज सात हे झालं नाव. सर्व्हिस पॅक वन हा झाला डोस. दुकानदाराने आम्हाला नाव सांगितलं, कार्ड दाखवलं नाही.

विंडोज सात बाजारात आलं २००९ च्या ऑक्टोबरमध्ये. त्याचं सर्व्हिस पॅक वन आलं २०११ च्या फेब्रुवारीत. सातसाठी एवढं एकच सर्व्हिस पॅक निघालं, दुसरं आलं नाही. ज्यांनी ते बसवलं नाही, त्यांना नवी अपडेट द्यायची कंपनीने २०१३ च्या एप्रिलमध्ये थांबवली. आणि आम्ही २०१८ मध्ये त्या बिनडोसाच्या सातावर हिशोब लिहीत होतो.

आता हे कार्ड बघायचं कसं ते ऐका. जवळ कागद असेल तर लिहून घ्या.

कीबोर्डवर सगळ्यात खालच्या ओळीत, डाव्या हाताला, चार तुकड्यांच्या खिडकीचं चित्र असलेलं एक बटण असतं. ते दाबून धरायचं आणि तसंच धरून आर हे अक्षर दाबायचं. खाली कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडते. तिच्यात सहा अक्षरं लिहायची: डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर. विनव्हर. मध्ये जागा सोडायची नाही. मग एंटर. एक पाटी उघडते, तिच्यात सगळं लिहिलेलं असतं. यात काही बिघडत नाही, काही पुसलं जात नाही. फक्त वाचायचं आणि ओके दाबून बंद करायचं. एवढंच.

आम्ही दाबलं आणि नवाच गोंधळ झाला. पाटीवर आलं, व्हर्जन ६.१, बिल्ड ७६००. आमच्या एक काकू उसळल्याच. "सात सांगून सहा दिलं मेल्याने!" दुसऱ्या दिवशी सकाळी भांडायला जायची तयारी झाली. बरं झालं, गेलो नाही. कंपनीच्या स्वतःच्या मोजणीत विंडोज सातचा आतला नंबर ६.१ असाच आहे. दुकानात सात, घरात सहा पॉइंट एक. शाळेत एक नाव आणि घरी दुसरं, तसं. विंडोज एक्सपीचा आतला नंबर ५.१, व्हिस्टाचा ६.०, आठचा ६.२, आठ पॉइंट एकचा ६.३. विंडोज दहापासून मात्र आतही दहाच दिसतं.

सातमध्ये बघायचा तो पुढचा बिल्ड नंबर. ७६०० असेल तर डोस झालेला नाही. ७६०१ असेल आणि त्याच्यापुढे सर्व्हिस पॅक १ असं लिहिलेलं असेल, तर झालेला आहे. एका आकड्याचा फरक. आमचा ७६०० होता.

आणखी एक वाट आहे. कम्प्युटर नावाच्या चित्रावर माऊसचं उजवं बटण दाबायचं आणि सगळ्यात खालचं प्रॉपर्टीज उघडायचं. सर्व्हिस पॅक बसवलेलं असेल तर ते तिथेही लिहिलेलं दिसतं. नसेल तर काहीच दिसत नाही. 'नाही' असंसुद्धा लिहिलेलं नसतं, म्हणून आम्ही विनव्हरच सांगतो. पण त्याच पानावर ३२ बिट की ६४ बिट हेही असतं आणि ते लागतं, कारण दोन्हींची गाठोडी वेगळी. ३२ बिटचं गाठोडं सुमारे ५३७ एमबीचं होतं, ६४ बिटचं सुमारे ९०३ एमबीचं. आमचा ३२ बिट निघाला. सूनबाईच्या मोबाइलवर दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज होतं, त्यात ते बसलं.

पण आधी कॉपी. सूनबाईने स्पष्ट सांगितलं, सर्व्हिस पॅकने आपल्या फायली जात नाहीत, तरी कॉपी काढल्याशिवाय मी हात लावणार नाही. चौदा गटांचा हिशोब दोन पेनड्राइव्हवर घेतला. एक लेखापाल ताईंकडे ठेवला, एक अध्यक्षांच्या डब्यात, दागिन्यांशेजारी. मग मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून गाठोडं उतरवलं. ते बसायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो, कम्प्युटर मधून मधून आपोआप बंद होऊन चालू होतो, आणि नेमकी त्या वेळेला लाईट गेली तर विंडोज अर्धवट राहायची भीती असते. आमच्याकडे इन्व्हर्टर नव्हता. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून रात्री दहानंतर बसलो. चौघीजणी होतो, भजी तळली होती. साडेअकराला पाटी उघडली तेव्हा ७६०१ दिसलं. दुसऱ्या दिवशी ऑडिटचा प्रोग्राम पहिल्या झटक्यात बसला. दुकानातल्या भाऊंनी मुद्दाम फसवलं असं आम्ही म्हणत नाही. फॉरमॅट मारणं हे त्यांच्या हातचं काम होतं, त्यांनी तेच सांगितलं. पण वाचून बघितलं नाही, हे खरं.

तुम्ही म्हणाल, एक प्रोग्राम चालावा म्हणून एवढी यातायात? प्रोग्राम ही त्यातली बारकी गोष्ट. मोठी गोष्ट आम्हाला नंतर समजली.

आमच्या या प्रकरणाच्या एक वर्ष आधी, २०१७ च्या मे महिन्याच्या १२ तारखेला, जगभर एक व्हायरस सुटला होता. वॉनाक्राय त्याचं नाव. तो कम्प्युटरमध्ये शिरला की सगळ्या फायलींना कुलूप लावायचा आणि पडद्यावर खंडणी मागायचा, तीनशे डॉलर. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांवर कम्प्युटर त्याने धरले. इंग्लंडमध्ये सरकारी दवाखान्यांचे कम्प्युटर बंद पडले, हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तारखा रद्द झाल्या. आपल्या देशातही तो पोचला. आणि धरले गेलेले बहुतेक कम्प्युटर विंडोज सातचे होते.

आता ऐका. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट कंपनीने १४ मार्चलाच दिलेलं होतं. जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी ते घेतलं, ते वाचले. पण सातसाठीचं ते अपडेट सर्व्हिस पॅक वन असलेल्या कम्प्युटरसाठीच होतं. बिल्ड ७६०० वाल्याला ते बसतच नव्हतं. म्हणजे आमच्या डब्याला कुणी ते आणून दिलं असतं, तरी त्याला घेता आलं नसतं. आमच्या डब्याला इंटरनेट क्वचित लागायचं, म्हणून असेल, आम्ही सुटलो. त्यात आमची हुशारी काही नव्हती.

बरं, आता तुमच्या ऑफिसात विनव्हर दाबल्यावर ७६०१ आलं, तर निर्धास्त व्हायचं का? नाही. विंडोज सातला फुकट अपडेट देणं कंपनीने १४ जानेवारी २०२० ला पूर्ण थांबवलं. सर्व डोस घेतलेलं असलं तरी आता नवा डोस येणार नाही. गूगलच्या क्रोमनेही २०२३ मध्ये सातला सोडलं. क्रोम १०९ हे सातवर चालणारं शेवटचं. असा कम्प्युटर फेकून द्या असं आम्ही म्हणणार नाही, आपल्या गटाचे पैसे काही झाडाला लागत नाहीत. त्याच्यावर ठराव टाइप करा, मसाल्याच्या पाकिटांची लेबलं छापा, इतिवृत्त लिहा. पण बँकेचं काम, पासवर्ड, ओटीपी त्याच्यावर नको. आमचा तो डबा आता हेच करतो. इंटरनेटची वायर आम्ही त्याला लावतच नाही.

एक्सपी अजून कुणाकडे असेल तर त्याचं थोडक्यात. त्याची तीन सर्व्हिस पॅक निघाली, तिसरं आणि शेवटचं २००८ मध्ये. प्रॉपर्टीजमध्ये त्याच्यावर व्हर्जन २००२ असं लिहिलेलं असतं, ते बघून फसू नका, खाली सर्व्हिस पॅक किती ते बघा. ३ असलं तरी त्याची अपडेट २०१४ च्या एप्रिलमध्येच बंद झाली आहेत.

आता विंडोज दहा, कारण बऱ्याच ग्रामसंघांत आणि मुलांच्या लॅपटॉपमध्ये तेच आहे. दहामध्ये सर्व्हिस पॅक हा प्रकारच नाही. त्याऐवजी ठरावीक काळाने अख्खी नवी आवृत्ती यायची आणि तिला चार आकडी नंबर असायचा. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे. १८०९ म्हणजे २०१८ चा नववा महिना. सोपं आहे, पण एक गंमत आहे. त्यात २००४ नावाची एक आवृत्ती आहे. शेजारच्या गावच्या ताई घाबरून फोनवर म्हणाल्या, "आमच्यात २००४ सालचं विंडोज घातलंय हो!" ते २००४ साल नव्हे. वीस आणि शून्य चार, म्हणजे २०२० चा एप्रिल. हा घोळ बहुतेक कंपनीच्याही ध्यानात आला असावा, कारण पुढच्या आवृत्त्यांना २०एच२, २१एच१ अशी नावं आली. एच म्हणजे अर्धं वर्ष. २०एच२, म्हणजे २०२० चं दुसरं अर्ध.

दहाची शेवटची आवृत्ती २२एच२. विनव्हरच्या पाटीवर तिचा बिल्ड नंबर १९०४५ असतो. आवृत्तीच्या नावाबरोबर बिल्डही बघा असं आम्ही मुद्दाम सांगतो, कारण विंडोज अकराचीही एक २२एच२ आहे. बिल्ड १९०४५ असेल तर दहा, २२००० किंवा त्याच्यावर असेल तर अकरा. बिल्डच्या पुढे एक टिंब आणि आणखी काही आकडे असतात. ते आज लिहून ठेवा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बघा. वाढलेले असतील तर अपडेट येत आहेत. तेच्या तेच असतील तर कुठेतरी अडलंय.

याची आत्ता घाई का? तर विंडोज दहाची नेहमीची फुकट अपडेटही १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. पण घरगुती कम्प्युटरसाठी कंपनीने एक वर्षाची वाढीव मुदत ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर त्याची जागा येते, मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि आपली सेटिंग्ज त्या खात्यात साठवू दिली तर पैसे पडत नाहीत. मात्र ही सवलत फक्त २२एच२ ला. १८०९ असेल, २००४ असेल, तर आधी २२एच२ वर यावं लागतं. ते अपडेट फुकट आहे.

शेजारच्या गटाने गेल्या वर्षी एक जुना लॅपटॉप घेतला, 'विंडोज टेन'. विनव्हर दाबलं तर १८०९. त्याची अपडेट २०२० मध्येच संपलेली. अपडेट लावलं की अर्ध्यावर अडायचं. त्या लॅपटॉपमध्ये साठवायची जागाच ३२ जीबी, आणि ती हळदीकुंकवाच्या फोटोंनी, व्हिडिओंनी भरून गेलेली. फोटो पेनड्राइव्हवर हलवले, कचरा काढला, दोन रात्री लागल्या, पण २२एच२ आलं. अकरा मात्र त्याला घेता येत नाही, बहुतेक जुन्या लॅपटॉपना येत नाही, त्याला लागणारं आतलं सामान वेगळं आहे.

म्हणून जुना कम्प्युटर घ्यायला जाल तेव्हा पैसे देण्याआधी दुकानातच विनव्हर उघडायला सांगा. पडद्यावरचं मोठं चित्र बघून विंडोज ओळखू नका, चित्र कुणीही बदलतं. पाटीचा मोबाइलवर फोटो काढा. बियाणाच्या पिशवीचं लेबल आणि पावती आपण पेरणीनंतरही जपून ठेवतोच ना, तसा तो फोटो ठेवा. सातवरचा डबा कुणी दहाच्या भावात सांगत असेल, तर तिथेच कळेल. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

आणि एक सावधगिरी. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमचं विंडोज संपलंय, हे ॲप घ्या, नंबर सांगा," असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. कंपनी असं न बोलावता फोन करत नाही. आपलं विंडोज कुठवर आलंय हे सांगायला कुणी परका लागत नाही, ती सहा अक्षरं लागतात.

आमच्या डब्याच्या अंगावर आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर लेखापाल ताईंच्या अक्षरात लिहिलंय: विंडोज ७, बिल्ड ७६०१, सर्व्हिस पॅक १, ३२ बिट, इंटरनेट लावू नये. खाली शेवटची कॉपी कधी काढली ती तारीख, दर महिन्याच्या बैठकीत ती खोडून नवी घालतो. वह्याही कपाटातून पुन्हा बाहेर काढल्यात. तुमच्या गटात ज्यांना सहा अक्षरं सापडणार नाहीत त्यांनी आमच्या ग्रामसंघात मंगळवारी दुपारी यावं, तेव्हा सूनबाई असते.